केबल-डिश सोडून फायबरवर टीव्ही: सीमाभागातल्या मराठी घरासाठी पायरीपायरीनं

बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळपासून खानापूर-निपाणीपर्यंत कुठल्याही मराठी घरातलं टीव्हीचं बिल नीट वाचून बघा. मराठी मालिकांचा एक पॅक, कन्नडचा दुसरा, हिंदीचा तिसरा, पोरासाठी क्रिकेट, आणि वर घरात कुणालाच न कळणाऱ्या भाषांच्या दहा-वीस वाहिन्या. कोल्हापूर-सांगलीच्या घराचं मराठी-हिंदीवर भागतं. आपल्याकडं सुनेचं शिक्षण कन्नडमध्ये झालेलं असतं, मुलांना शाळेत कन्नड असतं, शेजारीण दुपारी येऊन कन्नड मालिका लावायला सांगते. त्यामुळं दोन्ही भाषा लागतात आणि दोन्हींचे वेगळे पैसे जातात. त्यात पिन कोड ५९० किंवा ५९१ नं सुरू झाला की आधी कर्नाटकचा पॅक पुढं येतो, मराठी मागून घ्यावं लागतं.

केबलऐवजी इंटरनेटवरून, म्हणजे ॲपवर, टीव्ही बघितला की हा हिशेब उलटतो, आणि सीमाभागातल्या घरानं केबल सोडायचा विचार करावा तो मुख्यतः यासाठी. वाहिन्यांच्या ज्या कंपन्या मराठी वाहिनी चालवतात, त्यातल्या बहुतेक कन्नडही चालवतात, आणि ॲप मात्र दोन्हींचं एकच असतं. पैसे एकदा भरले की सासूची मराठी आणि सुनेची कन्नड मालिका त्याच वर्गणीत येते.

पैसे वाचतीलच असं मात्र मी म्हणणार नाही. काही घरांत वाचतात, काही घरांत खर्च वाढतो. ते कसं ओळखायचं ते पुढं हिशेबात येईल. आधी वही-पेन घ्या.

पायरी पहिली: आठवडाभर लिहून काढा

घरात कोण काय बघतं हे विचारू नका, बघून लिहा. विचारलं की सगळे 'बातम्या' म्हणतात. रात्री साडेसात ते दहा या वेळेत रिमोट कुणाच्या हातात असतो, दुपारी काय चालू असतं, रविवारी सकाळी मुलं काय लावतात, हे आठवडाभर टिपा. वाहिनीचं नाव, भाषा आणि एकच खूण: ते त्याच वेळी बघायला लागतं, की दुसऱ्या दिवशी चालेल?

ही शेवटची खूण फार कामाची आहे. मालिका दुसऱ्या दिवशीही चालते. किंबहुना स्वयंपाक आटोपून निवांत बघायला मिळाली तर बरंच. क्रिकेट शिळं चालत नाही. बातम्या मधेच कुठं. आणि गावातल्या मिरवणुका आल्या की सगळं घर लाईव्हच मागतं.

बहुतेक घरांत यादी सहा-सात वाहिन्यांपलीकडं जात नाही. बिलात दोनशेहून जास्त असतात.

त्या बिलातली एक ओळ समजून घ्या. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नियमानं ग्राहकाला हव्या त्या वाहिन्या निवडून तेवढ्याचेच पैसे द्यायची मुभा मिळाली. त्याखेरीज नेटवर्क शुल्क वेगळं. सुरुवातीला १०० वाहिन्यांना कमाल १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये. पुढं त्याच १३० मध्ये २०० वाहिन्या आल्या. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ही कमाल मर्यादाच काढून टाकली. म्हणून तुमचं नेटवर्क शुल्क आज किती लागतं ते बिलातच बघा, शेजाऱ्याच्या बिलावरून अंदाज बांधू नका. केबल सोडायची नसली तरी नको त्या वाहिन्या काढून टाकण्याचा हक्क तुम्हाला आहेच. काहींचं काम तेवढ्यावरही भागतं; त्यांनी हा लेख इथंच मिटला तरी हरकत नाही.

पायरी दुसरी: यादीतली वाहिनी कुठल्या ॲपवर

आता यादीसमोर ॲपचं नाव लिहायचं.

झी मराठी, झी युवा, झी टॉकीज, झी २४ तास हे सगळं झी५ वर. झी कन्नडही तिथंच. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या एकेकाळच्या प्रतिस्पर्धी वाहिन्या आता एकाच ठिकाणी, जिओहॉटस्टारवर. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र होऊन १४ फेब्रुवारी २०२५ ला हे ॲप सुरू झालं. कलर्स कन्नड आणि स्टार सुवर्णाही त्यातच. सन मराठी सन नेक्स्टवर, सोबत कन्नड उदया टीव्ही. सोनी मराठी सोनी लिव्हवर. तिथं कन्नड मनोरंजन वाहिनीची जोड मात्र नाही.

म्हणजे झी५ आणि जिओहॉटस्टार ही दोन ॲप घेतली की बेळगावच्या बहुतेक घरांची मराठी-कन्नड दोन्हींची गरज भागते. सन मराठीची एखादी मालिका घरात फार लाडकी असेल तरच तिसरं घ्या. सगळी एकदम घेऊ नका. चार ॲप घेतलेल्या घरात दोन उघडलीही जात नाहीत, हे मी नात्यातल्या बऱ्याच घरांत बघितलंय.

बातम्यांसाठी एक पैसा भरायची गरज नाही. एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, झी २४ तास, न्यूज१८ लोकमत, साम या सगळ्या यूट्यूबवर दिवसभर लाईव्ह असतात. दूरदर्शनचं सह्याद्री प्रसार भारतीच्या वेव्हज या ॲपवर मिळतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ते सुरू झालं, आणि त्यात आकाशवाणीही ऐकता येते.

वर्गणी निवडताना एका ठिकाणी हमखास फसगत होते: सगळ्यात स्वस्त दिसणारा प्लॅन बहुतेक वेळा फक्त मोबाईलवर चालतो. टीव्हीवर ॲप उघडतं, लॉगिन होतं, आणि मालिका लावली की 'प्लॅन वाढवा' असं पान येतं. जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा तीन महिन्यांना १४९ चा प्लॅन मोबाईलपुरता होता, २९९ चा दोन उपकरणांवर टीव्हीसकट, आणि ४९९ चा चार उपकरणांवर, जवळजवळ बिनजाहिरातीचा. दर बदलत असतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशीचाच आकडा खरा धरा. पण 'टीव्हीवर चालतं का' आणि 'एका वेळी किती ठिकाणी' हे दोन प्रश्न कायमचे लक्षात ठेवा. सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, सासूबाई आणि आतल्या खोलीत सूनबाई एकाच वेळी बघणार असतील तर एका उपकरणाचा प्लॅन म्हणजे रोजचं भांडण.

पायरी तिसरी: इंटरनेट. खरं काम इथं आहे

लोक आधी ॲप घेतात, मग टीव्ही, आणि शेवटी इंटरनेटचा विचार करतात. क्रम उलटा हवा. इंटरनेट नीट नसेल तर बाकीचे सगळे पैसे वाया.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा विचार असेल तर साधा हिशेब बघा. एचडी चित्राला तासाला साधारण ३ जीबी डेटा जातो, साध्या चित्राला १ जीबीच्या आसपास, फोरकेला ७ जीबी. रोज २ जीबीचा रिचार्ज असेल तर एचडीत चाळीस मिनिटं. एक मालिका आणि अर्धी. घरात रोज चार तास टीव्ही चालतो असं धरलं तर दिवसाला १२ जीबी, महिन्याला ३६० जीबी. हे काम घरगुती ब्रॉडबँडचंच.

वेग किती हवा? एचडीला ५ एमबीपीएस पुरतो, फोरकेला १५. दोन टीव्ही आणि चार मोबाईल धरले तरी ३० एमबीपीएसचा प्लॅन भरपूर झाला. 'तीनशेचा घ्या, साहेब' असं कनेक्शनवाला म्हणेल. टीव्हीसाठी त्याची गरज नाही. घरात कुणी पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरून करत असेल तर गोष्ट वेगळी.

बेळगाव शहर, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, खानापूर गाव इथं राहणाऱ्यांनी फायबरच, म्हणजे काचेच्या तंतूतून येणारं इंटरनेट, घ्यावं. मोठ्या कंपन्यांचं आहे, बीएसएनएलचं आहे, आणि बऱ्याच गल्ल्यांत तुमचा केबलवालाच आता फायबरही देतो. कंपनीचं नाव बघून ठरवू नका. तुमच्याच गल्लीतल्या दोन-तीन घरांत विचारा: तार तुटली तर माणूस किती दिवसांनी येतो? बीएसएनएलचं फायबरही बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदारांमार्फत चालतं, त्यामुळं एका उपनगरातली सेवा उत्तम आणि शेजारच्या उपनगरात रडारड, असं होऊ शकतं. केबलवाल्याकडून घेण्यात एक सोय आहे: तो माणूस रोज समोरून जातो, आणि आपल्याशी मराठीतच बोलतो. ग्राहक सेवेला फोन लावला की कन्नड, इंग्रजी, हिंदी असे पर्याय येतात. मराठी असेलच याचा भरवसा नाही. घरातल्या वयस्क माणसानं तक्रार नोंदवायची वेळ आली की हा फरक कळतो.

जिथं फायबर पोचलेलं नाही पण फाईव्हजीची रेंज आहे, तिथं गच्चीवर छोटा डबा बसवून मिळणारं एअरफायबर बघा. त्यात डेटाची मर्यादा फायबरपेक्षा कमी असते, साधारण महिन्याला १००० जीबी. आपल्या वरच्या ३६० च्या हिशेबाला ते पुरतं. पण घेण्याआधी त्याच कंपनीचं सिम असलेला फाईव्हजी फोन गच्चीवर नेऊन रात्री नऊला वेग मोजा. दुपारी मोजलेला वेग सगळ्यांचाच चांगला येतो.

आणि कणकुंबी, जांबोटी, भीमगडच्या रानाकडेची गावं? जिथं फोनला रेंज मिळवायला टेकडीवर जावं लागतं तिथं ॲपचं नाव काढू नये. तिथं डीडी फ्री डिश हाच शहाणपणाचा मार्ग. डिश आणि बॉक्सचा एकदाच काय तो खर्च, महिन्याचं काही नाही. सह्याद्री आणि कन्नड चंदना दोन्ही त्यावर आहेत. खासगी मराठी वाहिन्या लिलावाप्रमाणं येतात-जातात, त्यांच्या भरवशावर बसू नये. पावसाळ्यात मात्र सगळ्याच डिशचं चित्र फुटतं, कारण घरगुती डिश ज्या लहरींवर चालते त्या मुसळधार पावसात क्षीण होतात. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर हे रोजचंच.

फायबरला पावसाचं भय नाही, झाडांचं आहे. तार वीज कंपनी हेस्कॉमच्या खांबांवरून येते, वळवाच्या वाऱ्यात फांदी पडली की तुटते. माकडं तारेवर झोके घेतात ते वेगळंच. वळवात विजांच्या वेळी एक फायदा मात्र आहे: काचेच्या तंतूतून वीज घरात येत नाही, जशी जुन्या तांब्याच्या केबलमधून टीव्हीत यायची. तरी फायबरच्या डब्याचा (राउटरचा) ॲडाप्टर विजेच्या बोर्डात असतोच, तो काढून ठेवायचा.

तंत्रज्ञ घरी आला की

तो घाईत असतो. दाराजवळ डबा लावून, मोबाईलवर वेग दाखवून निघतो. त्याला थांबवायचं आणि तीन गोष्टी करून घ्यायच्या.

त्याच्याकडं पॉवर मीटर असतो. हातात मावेल असं छोटं यंत्र, त्यात फायबरची पिन घातली की उणे आकडा दिसतो. उणे १५ ते उणे २५ च्या आत असेल तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडं गेला तर आज चालेल आणि उद्या जराशा बिघाडानं बंद पडेल. तो आकडा बघा आणि लिहून ठेवा. पुढं तक्रार करताना 'नेट चालत नाही' यापेक्षा 'बसवताना उणे २० होता, आता किती आहे मोजा' हे वाक्य फार लवकर काम करतं.

दुसरं, डबा कुठं बसवायचा. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या नाहीतर मातीच्या, हात-दीड हात जाड. अशा दोन भिंती ओलांडताना वायफाय अर्धमेला होतो. डबा सोप्यात टीव्हीजवळच बसवून घ्या. मोबाईलला मागच्या खोलीत वेग कमी मिळाला तरी चालतो, टीव्हीला चालत नाही. शक्य असेल तर डब्यापासून टीव्हीपर्यंत सरळ लॅन केबल ओढा. दीडशे-दोनशे रुपयांची तार वर्षानुवर्षांची कटकट वाचवते. वायफायच वापरायचं तर डबा आणि टीव्ही एकाच खोलीत असताना पाच गिगाहर्ट्झचं नाव निवडा, मधे भिंत असेल तर २.४ चं. पत्र्याच्या कपाटामागं, फ्रिजवर, देवघराच्या कोनाड्यात डबा ठेवू नका.

तिसरं, फायबरची उरलेली तार. ती गुंडाळून खिळ्याला टांगतात, आणि कुणीतरी तिला घट्ट पिळून बांधतं. आत काच आहे. मोठा, सैल वळसा ठेवायचा.

डब्यावरचे दिवे घरातल्या सगळ्यांना शिकवा. पॉन लिहिलेला हिरवा स्थिर दिवा म्हणजे तार ठीक. लॉस लिहिलेला लाल दिवा लुकलुकतोय म्हणजे बाहेर तार तुटलीय किंवा पिन निसटलीय. अशा वेळी बंद-चालू करून काही होत नाही, फोन करायचा. हिरवा ठीक आणि तरी टीव्ही अडकतोय, तर दोष घरातल्या वायफायचा. तेव्हा बंद-चालू करून बघायचं.

लाईट गेली की इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो, पण डब्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर नसतो. डिश असताना हा प्रश्न नव्हता. एकतर इलेक्ट्रिशियनकडून तो पॉइंट इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. घेताना डब्याच्या ॲडाप्टरवर छापलेला व्होल्ट-अँपिअरचा आकडा, बहुधा १२ व्होल्ट, फोटो काढून दुकानात न्या.

पायरी चौथी: टीव्ही बदलायची गरज आहे का?

बहुतेकदा नाही. टीव्हीला एचडीएमआयचं भोक असेल तर त्यात ॲप चालवणारी छोटी स्टिक लावली की काम झालं. फायबरच्या मधल्या-वरच्या प्लॅनसोबत बऱ्याच कंपन्या स्वतःचा बॉक्सही देतात. तो मिळत असेल तर स्टिकही नको. अशा बॉक्सवर थेट वाहिन्याही दिसतात, नंबर दाबून, जुन्या केबलसारख्या. घरात वयस्क माणसं असतील तर माझं मत असं की हाच प्लॅन घ्यावा, थोडा महाग पडला तरी. त्याचं कारण पुढं येतंय.

जाड पाठीचा जुना टीव्ही, ज्याला पिवळी-लाल-पांढरी पिन लागते, त्यालाही एचडीएमआयमधून बदलून देणारं छोटं यंत्र मिळतं. चालतं, पण मेनूतली अक्षरं वाचता येत नाहीत. त्यापेक्षा नवा बत्तीस इंची बरा.

स्टिक लावताना तिच्यासोबत आलेल्या ॲडाप्टरनंच वीज द्या. टीव्हीच्या मागच्या यूएसबीला जोडली की सुरू होते, आणि मग मधेच आपोआप बंद पडत राहते. लोक स्टिकला शिव्या घालतात.

नवा टीव्ही घ्यायचाच असेल तर नाव न ऐकलेल्या ब्रँडचा 'अँड्रॉइड टीव्ही' स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. गुगलचं अधिकृत प्रमाणपत्र नसलेल्या टीव्हीवर आणि बॉक्सवर बरीच ॲप एकतर येतच नाहीत, किंवा येतात पण चित्र एचडीत देत नाहीत, कारण चोरी रोखण्यासाठीची जी सुरक्षा व्यवस्था ॲपना लागते ती त्यात नसते. दुकानातच वायफायला जोडून झी५ आणि जिओहॉटस्टार उघडून दाखवायला सांगा. जो दुकानदार 'घरी गेल्यावर होतंय की' म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका. सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तो भावात दिसतो का तेही विचारा.

पायरी पाचवी: हिशेब

समजा, केबलला महिना ४०० जातात. वर्षाचे ४,८००. आता फायबर घ्यायचं तर ६०० चा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ७०८ ला पडतो, वर्षाचे ८,४९६. शिवाय ॲपचे वेगळे, प्लॅनमध्ये आले नसतील तर. म्हणजे फक्त टीव्हीसाठी फायबर घेणाऱ्याचा खर्च सरळ सरळ वाढतो. 'केबल सोडून पैसे वाचवा' म्हणणारे हे सांगत नाहीत.

पैसे वाचतात ते दोन प्रकारच्या घरांत. एक, जिथं मुलांच्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी फायबर आधीच आलंय आणि केबलही तशीच चालू आहे. तिथं आजच केबल बंद केली तर ॲपची वर्गणी भरूनही वर्षाकाठी दोन-तीन हजार हातात राहू शकतात. दुसरं, जिथं चार मोबाईलवर रोजच्या डेटाचे मोठे रिचार्ज मारले जातात. घरी वायफाय आलं की दिवसभर घरात असणाऱ्यांचे रिचार्ज लहान करता येतात. ते वजा करून बघा.

दोन टीव्हीच्या घरात केबल-डिशवर दुसऱ्या बॉक्सचं वेगळं द्यावं लागतं, ॲपवर बहुधा लागत नाही. तोही आकडा धरा.

क्रिकेट आणि मिरवणूक

भारतातले मालिका-सामने, आयपीएल, आयसीसीच्या स्पर्धा हे सगळं सध्या जिओहॉटस्टारवर आहे. पण ॲपवरचं चित्र केबलपेक्षा अर्धा-पाऊण मिनिट मागं असतं. शेजारच्या घरात केबल असेल तर विकेट पडल्याची आरोळी आधी येते आणि आपल्या टीव्हीवर गोलंदाज अजून रनअपला असतो. याला उपाय नाही. भारताच्या अंतिम सामन्याला शेजाऱ्याकडंच जाऊन बसावं.

किंवा फ्री डिश ठेवावी. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला दूरदर्शनला द्यावं लागतं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दिसतं, खासगी केबलवरच्या दूरदर्शनवर नाही. जुनी डिश तुमच्या मालकीची असेल तर ती बहुधा फ्री डिशच्या उपग्रहाकडं वळवून घेता येते, फक्त बॉक्स नवा लागतो. फायबर तुटलेल्या दिवशीही ती हाताशी असते. माझ्या मते सीमाभागातल्या गावाला सगळ्यात चांगली जोडी हीच: घरात फायबर, गच्चीवर फ्री डिश.

गणपती विसर्जन आणि शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, आणि ज्यांना गर्दीत उभं राहणं जमत नाही ते ती स्थानिक केबल वाहिनीवर बघतात. 'हेच एक कारण आहे बघा केबल ठेवायला,' असं म्हणणारे आज्जी-आजोबा मला बरेच भेटलेत. आता यातल्या बऱ्याच स्थानिक वाहिन्या यूट्यूबवर आणि फेसबुकवर थेट दाखवतात. तुमच्या केबलवाल्यालाच वाहिनीचं यूट्यूबवरचं नाव विचारा आणि आधीच सबस्क्राइब करून ठेवा. ऐन मिरवणुकीच्या रात्री शोधत बसलं की मागच्या वर्षीचं चित्रीकरण लागतं.

आज्जीचा रिमोट

हा भाग तंत्राचा नाही, आणि इथंच निम्म्या घरांत परत केबल येते. तीस वर्षं नंबर दाबून वाहिनी लावलेल्या माणसाला चौकोनांची भिंत दाखवली की त्याला टीव्ही परका वाटतो. "माझी मालिका गेली कुटं रे?" हे दिवसातून दहा वेळा ऐकावं लागतं, आणि पोरं चिडतात.

थेट वाहिन्यांचा बॉक्स असेल तर तिच्या चार वाहिन्या आवडत्या यादीत घाला आणि नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून टीव्हीच्या कडेला चिकटवा. स्टिक असेल तर मुख्य पानावर दोन-तीनच ॲप ठेवा, बाकीची मागं ढकला. ॲपमध्ये तिचं वेगळं प्रोफाइल करा, त्याला तिचंच नाव द्या, भाषा मराठी निवडा. म्हणजे नातवाचे मारधाडीचे सिनेमे तिच्या पानावर येत नाहीत आणि कालची मालिका जिथं सोडली तिथून सुरू होते. रिमोटवरचं माइकचं बटण दाबून मालिकेचं नाव सांगितलं की बहुतेकदा सापडतं. आज्ज्यांना हे पोरांपेक्षा लवकर आवडतं, असा माझा अनुभव.

मुलांच्या प्रोफाइलला पिन घाला. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ॲपना वयोगटाचं लेबल आणि तेरा वर्षांवरच्या गटापासून पुढं पालकांचं कुलूप ठेवणं बंधनकारक केलंय. कुलूप आहे, लावायचं मात्र आपणच.

शेवटची पायरी: बंद करणं

महिनाभर दोन्ही चालू ठेवा. त्या महिन्यात केबलचा रिमोट कपाटात ठेवा, पण कुणी मागितला तर द्या, आणि कशासाठी मागितला ते वहीत लिहा. महिन्याअखेरीस तीच यादी सांगेल की सोडावं की नाही.

डिश असेल तर सोपं आहे: रिचार्ज संपू द्यायचा, पुन्हा मारायचा नाही. बँकेतून किंवा यूपीआयवरून आपोआप कापला जाणारा रिचार्ज असेल तर तो आधी बंद करा. वर्षाचा रिचार्ज आत्ताच मारला असेल तर तो संपेपर्यंत ॲपची घाई करू नका.

केबलवाल्याला आठ-पंधरा दिवस आधी सांगा, तोंडी आणि व्हॉट्सॲपवरही. "मामा, पुढच्या महिन्यापास्नं बंद करायचं होतं" एवढं लिहिलेलं असलं की पुढं वाद होत नाही. माणूस आपल्याच गल्लीतला असतो, संबंध टिकवून करा. उद्या फायबरला त्याच्याकडंच जावं लागेल. बॉक्स त्याचा असेल तर परत देताना पावती घ्या, अनामत भरली असेल तर ती मागा. सुरुवातीची पावती सापडत नसेल तर बॉक्सच्या खालचा नंबर आणि ग्राहक क्रमांक याचा फोटो काढून ठेवा. कुणी अडून बसलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

ॲपची पहिली वर्गणी महिन्याची किंवा तीन महिन्यांचीच घ्या, वर्षाची दुसऱ्या खेपेला. आणि पैसे भरताना ऑटोपे आपोआप लागतो हे विसरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. ती येते, पण आपण वाचत नाही. ज्या यूपीआय ॲपवरून पैसे भरले त्यात ऑटोपे किंवा मॅन्डेट या नावाखाली सगळे चालू आदेश दिसतात. नको तो तिथूनच रद्द करा. टीव्हीवरून ॲप काढून टाकलं म्हणून वर्गणी थांबत नाही.